एकदा गेलो तिथं परत नाही

सिग्नलला बस थांबली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं. त्याच्या मांडीवर पुठ्ठ्याचं खोकं होतं, खोक्यात कापसात गुंडाळलेल्या कवळ्या, आणि डोक्यात त्यांतल्या एका कवळीचा उजवा सुळा, जो दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या मते जरा जास्तच पांढरा झाला होता. सत्तरीच्या म्हाताऱ्याच्या तोंडात विशीतला दात शोभत नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं; पण म्हाताऱ्यालाच तो हवा होता, आणि गिऱ्हाइकापुढे शहाणपण चालत नाही. कवळ्या करणाऱ्या माणसाला भर दुपारी बसमध्ये याहून मोठे विचार येत नाहीत. शेजारच्या बाईची पिशवी कोपराला लागली म्हणून त्यानं मान वर केली. खिडकीबाहेर रस्ता होता, रस्त्यापलीकडे फुटपाथ, फुटपाथला लागून एक निळं दार, आणि दाराशेजारच्या मोठ्या काचेमागे त्याची मुलगी जेवत बसली होती.

पहिल्यांदा त्याला नुसता आनंद झाला. आपलं माणूस ध्यानीमनी नसताना दिसलं की होतो तसा, साधा. त्यानं काचेवर टकटक करायला हातसुद्धा उचलला, जणू बसची काच, रस्ता आणि हॉटेलची काच ओलांडून ती टकटक तिला ऐकू जाणार होती. मग तिच्या समोर बसलेला माणूस दिसला आणि हात खोक्यावर परत आला. तो तिच्या आईचा नवरा होता. शाळेत भूगोल शिकवायचा म्हणून ह्यानं मनातल्या मनात त्याचं नावच भूगोल ठेवलं होतं, आणि इतक्या वर्षांत ते बदलावं असं काही त्या गृहस्थानं केलं नव्हतं. भूगोल कोळंबी सोलत होता. सोललेली कोळंबी स्वतःच्या ताटलीत न ठेवता तो मुलीच्या ताटलीत ठेवत होता, आणि ती चिकट भाताचा गोळा बोटांनी दाबून कशात तरी बुडवून तोंडात टाकत होती, तोंडात घास असतानाच काहीतरी बोलत होती, हसत होती. हसताना तिचा वरचा डावा दात दिसला, शेजारच्यावर जरा चढलेला. लहानपणी तो सरळ करून घ्यायचा ह्याचा फार आग्रह होता. नंतर आग्रह करायला तो त्या घरात राहिला नाही. त्याच्याबरोबर जेवताना ती ओठ मिटून चावायची, काट्या-चमच्यानं खायची, आणि हसलीच तर हात तोंडावर जायचा. त्यामुळे तो दात किती वर्षांत त्याला दिसला नव्हता, हे त्या क्षणापर्यंत त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. सिग्नल सुटला, बस हलली, आणि बस हलल्यावर त्याला ते निळं दार आठवलं.

कारण ते दार त्यानंच शोधलं होतं. मागच्या वर्षी असाच एकदा खोकं घेऊन जाताना त्याला ते दिसलं होतं, दारावर केळीच्या पानाचं चित्र, आत चार-पाच टेबलं, आणि त्यानं मोठ्या हौसेनं मुलीला फोन केला होता की एक नवीन थाई सापडलंय, निळ्या दाराचं, पुढच्या खेपेला तिथं जाऊ. पलीकडे ती जरा थांबली होती. मग म्हणाली होती, “ते ना? ते बंद पडलं, बाबा.” आणि तो हळहळला होता. खरोखर हळहळला होता, चांगली हॉटेलं टिकत नाहीत आणि भिकार हॉटेलं मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालतात, असं काहीतरी फोनवर बोललाही होता. ती “हो ना” म्हणाली होती. त्या “हो ना”ची आता त्याला बसमध्ये बसल्या बसल्या लाज वाटली, तिची नव्हे, आपलीच.

डॉक्टरीणबाईंनी सुळ्याबद्दल पुन्हा एकदा सुनावलं, तो हो म्हणाला. परतीची बस त्याच रस्त्यानं जाते, पण तो लांबच्या रस्त्यानं जाणाऱ्या बसमध्ये बसला. त्याचा कारखाना म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळाशी दोन खोल्या. पुढच्या खोलीत प्लास्टरचे जबडे फळ्यांवर ओळीनं मांडलेले, मागच्या खोलीत मेण, दिवा, घासायची यंत्रं आणि ज्याच्यापासून कवळीच्या गुलाबी हिरड्या बनतात ती पूड आणि ते पातळ द्रव्य. त्या द्रव्याचा वास इतका उग्र असतो की नवीन माणूस दारातूनच परत फिरतो, असं लोक सांगतात. लोक सांगतात म्हणून त्यालाही ठाऊक. त्याला स्वतःला तो वास येणं कधीच बंद झालं होतं, आणि त्याच्यामागोमाग बाकीचे सगळे वासही निघून गेले होते, एकेक करून, पाहुणे उठून जावेत तसे. आधी फुलांचे गेले, मग साबणाचा गेला, मग जेवणाचे. जिभेला खारट, आंबट, गोड आणि कडू तेवढं कळायचं, मिरची झोंबायची; पण त्यांच्या मधलं जे काय असतं, ज्याला लोक चव म्हणतात, ते कुठल्याशा वर्षी संपलं होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. भागीदाराला सांगितलं असतं तर तो मास्क का लावत नाहीस म्हणून बोंबलला असता, आणि मुलीला सांगायचं तर प्रश्नच नव्हता. दर महिन्याला जो माणूस मुलीला घेऊन नव्या हॉटेलात जातो, सूप तोंडात घोळवून डोळे मिटतो आणि “गवती चहा कमी पडला” असा निकाल देतो, त्यानं कोणत्या तोंडानं सांगायचं? वाडग्यात गवती चहाच्या काड्या किती तरंगताहेत हे मोजून तो निकाल द्यायचा. ज्याला वासच येत नाही तो माणूस वर्षानुवर्षं नाकानं कांदे सोलत होता.

“तुझी मुलगी दिसली होती परवा,” भागीदार कधीमधी म्हणायचा. आज तसं काही म्हणाला नाही, तर हाच म्हणाला. यंत्र बंद करून म्हणाला, “आज मुलगी दिसली. त्याच्याबरोबर जेवत होती.”

“कुणाबरोबर? त्या मास्तराबरोबर? मग?”

“मग काय. मला म्हणाली होती ते हॉटेल बंद पडलंय.”

भागीदारानं हातातला जबडा दिव्यापुढे धरून फिरवून पाहिला. तो बडबड्या माणूस, घरी सुना-नातवंडांचा गोतावळा, कुठल्याही गोष्टीवर त्याच्याकडे तयार सल्ला असायचा. पण ह्या वेळी तो एवढंच म्हणाला, “उघडलं असेल परत.”

“असेल.”

“अरे, विचार ना तिला सरळ. मुलगीच आहे ना तुझी? सरकारी कचेरी आहे का, की अर्ज लिहून न्यायचा?”

“विचारतो,” तो म्हणाला आणि यंत्र सुरू केलं. यंत्राच्या आवाजात बोलता येत नाही, हा त्या धंद्यातला एक मोठा फायदा आहे.

पण विचारायचं काय? थाई हॉटेलं हा त्या दोघांचा खेळ होता, निदान तो तसं समजत आला होता. घटस्फोट झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि कोर्टानं त्याला महिन्यातला एक रविवार दिला होता. पहिल्या रविवारी तो तिला घेऊन बाहेर पडला आणि भर बाजारात उभं राहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्या मुलीला काय खायला आवडतं हे आपल्याला माहीत नाही. घरात असताना ते कधी माहीत असावं लागलं नव्हतं. “तू सांग, कुठं जायचं?” त्यानं विचारलं, तेव्हा तिनं रस्त्यापलीकडच्या एका पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर हत्ती होता. तेवढ्यासाठी. आत जाऊन बसल्यावर कळलं की हे थाई हॉटेल आहे. ती खुर्चीत पाय हलवत होती, भिंतीवरच्या चित्रांतले हत्ती मोजत होती, सगळं बरं चाललं होतं. मग सूप आलं, तिला ते झोंबलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचं डोकं फिरलं. लहान मुलीसाठी मागवलंय हे सांगूनही तिखट कसं? त्यानं पोऱ्याला बोलावलं, मग मॅनेजरला, मग आवाज चढला, आजूबाजूची माणसं चमचे खाली ठेवून बघायला लागली. “बाबा, मला चालेल,” ती म्हणत होती, “बाबा, मी पाणी पिते.” तो थांबला नाही. वकील, न्यायाधीश, बायको, सासरे यांना जे बोलायचं राहून गेलं होतं ते सगळं त्या मॅनेजरच्या वाट्याला आलं. बाहेर आल्यावर ती इतकी गप्प होती की काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून तो म्हणाला, “जाऊ दे. आपण ह्या गावातली सगळी थाई हॉटेलं पालथी घालू. आणि आपला नियम काय? एकदा गेलो तिथं परत नाही.” तिनं मान हलवली. नऊ वर्षांच्या मुलीला नियम आवडतात. त्याला वाटलं, आपण वेळ मारून नेली.

नियम मात्र चालला. शहर मोठं होतं आणि दर थोड्या महिन्यांनी कुठेतरी नवीन थाई उघडत होतं. टायरच्या दुकानावरचं एक होतं, जिथं खालच्या हातोड्याच्या ठोक्यानं टेबलावरचे पेले थरथरायचे. तळघरातलं एक होतं, तिथं मोठ्या टाकीत मासे आणि टाकीच्या दिव्यामुळे जेवणाऱ्यांचे चेहरे हिरवे. एकाची मेनूतली चित्रं उन्हानं इतकी उडाली होती की लाल करी कुठली आणि पिवळी कुठली ते विचारूनच घ्यावं लागे. एक तर फक्त नावाचं थाई, मालकाला नारळाचं दूध डब्यातून ओतण्यापलीकडे काही येत नव्हतं, आणि तिथं त्यानं मालकाला ते अर्धा तास समजावून सांगितलं होतं. समजावून सांगणं त्याचा स्वभाव होता. भांडण तो आता करत नसे, त्या पहिल्या दिवसानंतर त्यानं स्वतःला तेवढं आवरलं होतं. पण सूप परत पाठवी, नूडल्स परत पाठवी, पपईची कोशिंबीर जुनी आहे म्हणून ताटली बोटानं पुढे सरकवी. एकदा एका वेटरच्या पुढच्या दाताची टोपी बघून त्यानं त्या बिचाऱ्याला सगळ्यांदेखत विचारलं होतं की हे कुठल्या कसायानं बसवलं. तो भला हेतू होता, कार्डही दिलं होतं. वेटर परत त्यांच्या टेबलाकडे आला नाही, दुसऱ्याला पाठवलं. ती पाणी पीत राहिली, आणि उठताना नेहमीप्रमाणे म्हणाली, “चला. हे पण झालं.”

हे पण झालं. ह्या वाक्यात इतकी वर्षं त्याला खेळाडूपणा ऐकू येत होता. अठरा पूर्ण झाल्यावर कोर्टाचा हुकूम संपला, तरी ती येत राहिली, आणि हीच त्याची सगळी पुंजी होती. कुणाची सक्ती नाही, तरी पोरगी दर महिन्याला येते. भागीदाराला त्यानं ते कितीदा तरी ऐकवलं होतं. शिक्षण झालं, नोकरी लागली, आता ती कमी ऐकू येणाऱ्यांना यंत्रं बसवून द्यायची. तो दात द्यायचा, ती कान द्यायची, बाप-लेकीचा दोघांचाही धंदा म्हाताऱ्यांच्या जिवावर, हा विनोद त्यानं केला होता आणि ती हसली होती, हात तोंडावर ठेवून. मधल्या कुठल्या तरी वर्षी “ए बाबा” जाऊन “अहो बाबा” आलं होतं. त्याला वाटलं, मोठी झाली. हॉटेल आता तीच ठरवायची. फोनवर नाव आणि पत्ता यायचा, नेहमी नवीन, नेहमी लांब. तिच्या घरापासून लांब, तिच्या दवाखान्यापासून लांब, गावाच्या ज्या टोकाला तिचं एरवी काही काम पडणार नाही अशा टोकाला. आणि इतक्या दिवसांत त्याच्या मनात एकदाही आलं नाही की हे नेहमी लांबच का.

ते आलं एका दुपारी, मेणात दात बसवताना. मेणात दात बसवणं हे सावकाश करायचं काम आहे, हात चालतात आणि मन मोकळं राहतं, त्यामुळे वाईट गोष्टी नेमक्या तेव्हा सुचतात. त्याला सुचलं की ती त्याला अशाच हॉटेलात नेते जे गमावलं तरी चालेल. जिथं ह्याच्याबरोबर एकदा जाऊन आलो तिथं पुन्हा तोंड दाखवायची सोय राहत नाही, म्हणून जिथं पुन्हा जायचंच नाही तिथं ह्याला न्यायचं. टायरवरचं घालवलं, तळघरातलं घालवलं, त्यानं बिघडत काही नाही. आणि आवडीचं एक, जिथं बोटांनी भात खाता येतो आणि तोंड उघडून हसता येतं, ते लपवून ठेवायचं. बंद पडलं म्हणून सांगायचं. नियम त्याचाच होता. त्यानं तो एका वाईट दुपारी स्वतःची लाज झाकायला काढला होता, आणि तिनं तो इतकी वर्षं जपून वापरला होता, स्वतःला वाचवायला. एखादी गोष्ट एकदा कळली की ती आधी न कळणं किती कठीण होतं हे पाहून माणूस थक्क होतो. त्याच्या हातातला दात मेणात वाकडा रुतला. तो काढून त्यानं पुन्हा बसवला, पुन्हा वाकडा. मग तो दिवा विझवून नुसता बसून राहिला.

राग आला, हे लपवण्यात अर्थ नाही. चांगला सणसणीत राग आला, आणि तिच्यापेक्षा भूगोलाचा आला. कोळंबी सोलतो. ह्यानं कधी कोळंबी सोलली नाही हे खरं, पण कुणी सोलू दिली असती तर ना. महिन्यातल्या एका दुपारीत माणूस काय काय सोलणार? त्या गृहस्थाला सगळे वार मिळाले, तापाच्या रात्री मिळाल्या, परीक्षेच्या सकाळी मिळाल्या, आणि वर ते निळं दारही मिळालं. अशा वेळी शहाणा माणूस मूग गिळून बसतो. त्यानं फोन उचलला आणि लिहिलं, “निळ्या दाराचं हॉटेल परत उघडलंय म्हणे. ह्या वेळी तिथंच जाऊ.” पाठवल्यावर त्याला बरं वाटलं, खपली काढल्यावर वाटतं तसं. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं ते परत घ्यायचं ठरवलं, काहीतरी थट्टेवारी न्यायचं, मला आता त्या भागात यायला जमणार नाही असं लिहायचं. आपण तिच्याकडून काय मागतोय हे त्याला चांगलं कळत होतं. तेवढ्यात तिचं उत्तर आलं. “बरं,” एवढंच. त्याचा जीव भांड्यात पडला. मग लगेच वाटलं, ह्यात जीव भांड्यात पडण्यासारखं काय आहे? ती येते की नाही एवढ्यावर आपलं बापपण टांगलेलं आहे, हे मात्र त्यानं त्या दिवशी स्वतःशी कबूल केलं. तिनं त्या निळ्या दारातून आत नेलं तर आपण तिचे कुणीतरी आहोत. टाळलं तर मग ह्या सगळ्या दुपारी म्हणजे कोर्टाच्या हुकमाची सवय, बाकी काही नाही.

ठरल्या दिवशी ती निळ्या दाराबाहेरच उभी होती. त्याला पाहून पुढे आली आणि आत जायच्या आधी म्हणाली, “बाबा, एक सांगू? इथं काही परत पाठवू नका.”

“नाही पाठवणार.”

“आणि वासाबिसाचं काही बोलू नका. तुम्हाला वास येत नाही, मला माहीत आहे.”

फुटपाथवरून माणसं त्यांना वळसा घालून जात होती. “कधीपासून?” त्यानं विचारलं.

“अकरावीत होते. तुमच्याकडे आले होते, दूध करपलं होतं. खोलीभर वास. तुम्ही शेगडीला पाठ करून उभे होता आणि मला विचारत होता, चहा घेशील का.”

“बोलली नाहीस.”

“काय बोलणार?” ती म्हणाली. रागानं नाही, खरंच विचारल्यासारखं. त्यानं दुसरंच विचारलं.

“हे बंद पडलं होतं ना?”

“नव्हतं पडलं,” ती म्हणाली आणि दार ढकललं.

आत तिनं काचेजवळचं टेबल घेतलं नाही, मागचं घेतलं, भटारखान्याच्या दाराजवळचं. जागा लहान होती, टेबलं एकमेकांना खेटून, भिंतीवर कुठल्याशा नदीचं चित्र, फोडणीचा आवाज बाहेरपर्यंत. तो अंग चोरून बसला. आपल्या हाताकडे, आपल्या आवाजाकडे, आपल्या नजरेकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं असं त्यानं ठरवलं होतं. पाणी घेऊन आलेल्या मुलाचे दात त्यानं पाहिले नाहीत. मेनू उघडला आणि मिटला. “तूच सांग काय ते,” तो म्हणाला, आणि ती सांगायला तोंड उघडणार तोच भटारखान्याचं दार उघडून एक ठेंगणी बाई हात पुसत बाहेर आली. हीच मालकीण. तिनं मुलीचा गालच धरला.

“आज लवकर? आणि बाबा कुठं? आज बाबा नाही आले?”

तिची बोली तुटक होती, पण शब्द स्वच्छ. ‘बाबा’ हा शब्द तर फारच स्वच्छ. त्याला आधी वाटलं की ती आपल्याबद्दलच विचारते आहे, आणि तो किंचित उठलासुद्धा, बसा बसा म्हणतील अशा बेतानं. मग कळलं. बाई मुलीच्या खांद्यावरून दाराकडे पाहत होती, मागून कुणीतरी येतंय का ते. कुणी येत नाही हे पाहून तिची नजर त्याच्यावर आली, हसरी, पाहुण्यावर पडते तशी. “आणि हे?”

“हे...” मुलगी म्हणाली आणि थांबली.

ह्याच घडीसाठी तो आला होता, हे त्याला तेव्हा उमगलं. जेवायला नव्हे. तिनं चार माणसांत आपल्याला बाबा म्हणावं आणि त्या दुसऱ्याचं जे काय व्हायचं ते व्हावं, ह्यासाठी. एक शब्द बोलला की काम होत होतं. बाई चपापली असती, मग ते कोण असं विचारलं असतं, नाहीतर विचारलं नसतं आणि नुसतं समजून घेतलं असतं, आणि ते अधिक वाईट. मुलीनं इथं काय सांगून ठेवलं होतं ते उघडं पडलं असतं, आणि ह्या निळ्या दारातून ती पुन्हा आत आली नसती. हे पण झालं. त्यानं मुलीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत नव्हती, टेबलाकडे पाहत होती, आणि खांदे तिनं जरा वर ओढून घेतले होते. नऊ वर्षांची असताना मॅनेजरसमोर ती अशीच बसली होती. तेव्हा तो तिच्याकडे पाहत नव्हता, त्यामुळे हे त्याला आठवायला नको होतं; पण आठवलं.

“काका,” तो म्हणाला. “मी हिचा काका. हिच्या बाबांचा मोठा भाऊ.”

“अगंबाई, भाऊ!” बाईला एवढा आनंद झाला की तिनं त्याचे दोन्ही हात हातात घेतले. “तरीच. आल्या आल्या वाटलं मला. दिसता की अगदी भावासारखे. कपाळ बघा, तेच.”

“हो, लोक म्हणतात तसं,” तो म्हणाला.

मग त्यांचं जेवण झालं, आणि सांगायला वाईट वाटतं, पण इतक्या वर्षांत त्या दोघांचं असं जेवण झालं नव्हतं. काका म्हणून त्याच्यावर कसलीच जबाबदारी नव्हती. काकाला सूप कळलं नाही तरी चालतं, काकानं गवती चहाची परीक्षा घ्यायची नसते. तो गप्प बसून जे येईल ते खात राहिला, खारट खारट म्हणून, आंबट आंबट म्हणून, आणि मालकीण अधूनमधून येऊन त्याला त्याच्या भावाच्या गोष्टी सांगत राहिली. भाऊ किती शांत. भाऊ एकदा पावसात छत्री नव्हती तर अख्खी संध्याकाळ इथं बसून माझ्या मुलाचा अभ्यास घेत होते, नकाशे काढून दिले. ही लहान होती तेव्हा हिला ताप होता, तर भाऊ पातेलं घेऊन सूप न्यायला आले, डबा नव्हता, पातेलंच. तो मान डोलवत होता. “लहानपणापासून तसाच आहे तो,” एका ठिकाणी तो म्हणाला, आणि मुलीनं चमकून वर पाहिलं, आणि मग ती हसली. हात तोंडावर गेला नाही. त्या क्षणी त्यालाही हसू आलं, आणि त्या पातेल्याचा हेवाही वाटला, आणि ह्या दोन गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात ह्याचा त्याला संताप आला. कोळंबी आली तेव्हा ती स्वतःची स्वतः सोलून खाऊ लागली. त्यानं एक उचलली, कवच कुठून धरायचं ते कळेना, दाढा बसवणारी बोटं कोळंबीपुढे हरली, आणि त्यानं ती न सोलताच ताटलीच्या कडेला ठेवून दिली. तिनं ते पाहिलं की नाही कुणास ठाऊक.

तिचं बोलणंही सैल झालं होतं. दवाखान्यातल्या एका आजोबांची गोष्ट तिनं सांगितली. त्यांना यंत्र बसवल्यावर पहिल्यांदा बायकोचं बोलणं नीट ऐकू आलं आणि दुसऱ्या दिवशी ते यंत्र परत करायला आले. तो खळखळून हसला. दर महिन्याला हिच्याकडे अशा गोष्टी असतील, त्याच्या मनात आलं, आणि त्या ती इथं आणून सांगत असेल, ह्या टेबलांवर, काचेजवळ. त्याच्या वाट्याला नोकरी कशी आहे, बरी आहे, एवढंच यायचं. बाप म्हणून जे मिळालं नाही ते काकाला एका दुपारीत मिळालं होतं, आणि ते मिळवायला काय द्यावं लागलं हे त्या टेबलावर फक्त दोघांना माहीत होतं. की फक्त एकालाच, हे त्याला ठरवता येईना. ती इतकी मोकळी दिसत होती, इतकी हलकी, की त्याला विचारायचं धाडस झालं नाही.

निघताना मालकीण दारापर्यंत आली. “भावाला सांगा, मी विचारलं म्हणून. आणि पुढच्या वेळी दोघं मिळून या.”

“सांगतो,” तो म्हणाला.

दार मिटलं. बाहेर चांगलं ऊन होतं, बसथांब्यापर्यंत दोघं बरोबर चालत गेले. ती काहीतरी गुणगुणत होती. अशी गुणगुणत चालण्याची तिला सवय आहे हे त्याला माहीत नव्हतं. थांब्याशी आल्यावर त्याला वाटलं, आता ती म्हणेल, चला, हे पण झालं. तो त्या वाक्यासाठी तयार होऊन उभा राहिला. पण तिनं त्याच्या शर्टाच्या बाहीवरचं भाताचं शीत बोटानं उडवलं आणि म्हणाली, “पुढच्या महिन्यात इथंच येऊ.”

“इथंच?”

“हो. उगाच कुठं कुठं शोधत फिरायचं? इथं बरं वाटलं ना तुम्हाला?”

“वाटलं.”

“मग झालं तर.” त्याची बस येताना दिसली, तिनं हात दाखवून ती थांबवली. मालकीण केव्हाच आत गेली होती, थांब्यावर त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं, ऐकणारं कुणीसुद्धा नव्हतं. “चालेल ना, काका?” ती म्हणाली.

तो पायरीवर चढला होता. दांडा धरून वळला.

“चालेल,” तो म्हणाला.